वृंदावनातली माती

२ मे, शुक्रवार

आज आलेलं सामान: खाडीची वाळू, लहान टेम्पो, ३२०० (साडेतीन मागत होता, हमाली त्यातच धरायला लावली). शेणखत चार पोती, ६००. घमेलं, २४०. फावड्याचा दांडा, ९०. तुळशीचं रोप, देवळाबाहेरच्या बाईकडून, २०. ती तीस म्हणत होती. मी म्हटलं, देवाच्या कामात भाव चढवू नये गो, पुढच्या जन्मी काढून घेतात.

ही तिसरी तुळस. पहिली गेल्या श्रावणात गेली, सून घरात येऊन थोडेच महिने झाले होते. दुसरी माघात. उपटून बघितलं तर मुळं काळी, डबक्यासारखा वास.

हे एस.टी.तून निवृत्त झाले त्या पैशांत रत्नागिरीबाहेर हे घर बांधलं. जागा स्वस्त पडली, कारण पूर्वी इथे भाताचा मळा होता. सगळी रत्नागिरी कातळावर बसलेली, लोक झाडं लावायला माती विकत आणतात. आम्हांला जागेबरोबर माती फुकट मिळाली याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता. पायाचा खड्डा खणला तेव्हा निघालेली तीच माती मी वृंदावनात भरून घेतली. विकत कशाला आणायची?

आता कळतंय. पावसात चप्पल धरते ती सोडत नाही. उन्हात अशा भेगा पडतात की काडेपेटी आत जाईल. म्हणून वाळू. पीठ घट्ट झालं की पाणी घालून सैल करतो, तसं चिकण मातीत वाळू घातली की ती मोकळी होणार, हा सरळ हिशोब आहे.

मृणाली (सून) म्हणाली, "आई, वाळू नको. आमच्याकडे भिंत लिंपायला चिकणमाती आणि वाळूच मिसळतात."

मी म्हटलं, भिंत वेगळी आणि वृंदावन वेगळं. गुणी आहे, पण मध्ये बोलते.

६ मे, मंगळवार

वाळू मिसळून झाली, वृंदावनात आणि पुढच्या अंगणात. ह्यांनी खणलं, मी घमेली दिली. मृणालीनं पाणी मारलं. तुळस मात्र मीच लावली. तिला हात लावू दिला नाही, त्याला कारण आहे, पण तिच्या तोंडावर बोलले नाही.

कारण इथे लिहिते, इथे कोणी वाचत नाही. धोंडूबाई आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते, शेजारीच राहते. ती म्हणाली, "काय गो वहिनी, सून आल्यापासून दोन तुळशी गेल्या. मी काय बोलत नाय. पण पायगुण म्हणतात तो काय उगाच?" मी म्हटलं, मातीचा दोष आहे. ती म्हणाली, "माती काय सून आल्यावर आली?"

माती आधीपासून होती हे खरंच आहे.

२० मे, मंगळवार

अंगण वाळलं. आज कुदळ मारली तर ठण्णकन वाजली. हे म्हणाले, "अगो, यावर दुसरा मजला चढवायचा का? पाया तयार आहे."

मृणाली आत गेली. हसायलाच गेली असणार.

२५ मे, रविवार

हर्षद (मुलगा) आला होता. जयगडच्या बंदरात नोकरीला आहे, आठवडाभर तिथेच चार मुलांत राहतो, रविवारी येतो. मृणाली तिथलीच, खाडीकाठच्या घरची. वडील रघू, होडीवर जातात. आई मैना, मासळी विकते. हर्षदनं आपल्या मनानं जमवलंन. आम्ही दोघं माळकरी. मी लहानपणापासून, हे मोठ्या आजारपणातून उठले तेव्हापासून. माळ घालताना हे फार रडले होते, इतका त्यांचा भाव. म्हणून हर्षदचं लग्न झालं ते देवळात, साधं, आणि मी तेव्हाच सांगितलं, सून आमची, पण सोयऱ्यांचं येणंजाणं देव दाखवील तेव्हा.

आज जेवताना हर्षद म्हणाला, कंपनी आता कुटुंबाला खोली देते, मृणालीला घेऊन जाऊ का? मी हातातला घास ताटात ठेवला. एकुलता एक. मी काही म्हणायच्या आत मृणालीच बोललीन. हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "जयगडला मी कधीही येईन हो. पण आधी माझी आई या घरात पुढच्या दारानं आलेली मला बघायचीय. ती आली, जेवली, मग बघू."

ह्यांनी दोनदा ताक मागितलं, एरवी घेत नाहीत.

३० मे, शुक्रवार

हे दापोलीला विद्यापीठात माती दाखवून आले. एस.टी.चा पास आहे म्हणून जाऊ दिलं. तिथल्या एका मुलीनं माती ओली करून बोटांत वळलीन, तिची सुतळीसारखी दोरी झाली, आणि म्हणाली, काका, यात वाळू घालू नका, वीट होते. पालापाचोळा, शेण, भाताचं तूस, घरातलं ओलं, सगळं खड्ड्यात कुजवा आणि ते घाला. मातीत जीव हवा. ओल्या मातीत खणूही नका.

मी विचारलं, वाळूचे पैसे परत मिळतात का, ते विचारलंत? नाही विचारलं.

११ जून, बुधवार

परसात खड्डा झाला. तूस गिरणीवरून फुकट. पाला आपलाच. निर्माल्यही त्यातच घालते, पायाखाली येण्यापेक्षा बरं. खड्डा मृणालीनं अंगावर घेतलान आणि नवल म्हणजे ह्यांनीही. आयुष्यात ज्यांनी कुंडीला पाणी घातलं नाही ते आता सुनेबरोबर परसात उभे राहून चर्चा करतात.

आणखी एक चांगली गोष्ट. मृणालीच्या माहेरून खत येणार आहे. हे म्हणाले, जयगडच्या गाडीनं दर बुधवारी पिशवी येईल, कंडक्टर ओळखीचा आहे, मी स्टँडवर जाऊन आणीन. मी विचारलं, काय घेणार? म्हणाले, घरचंच आहे, फुकट.

सोयऱ्यांनी एवढं तरी केलं. मनापासून बरं वाटलं.

२५ जून, बुधवार

भजनाहून आले तर घरभर धूप. दर बुधवारी मी भजनाला जाते, आणि दर बुधवारी माझ्या पाठीमागे ही दोघं घरात धूप घालतात. धुपाचा पुडा पंधरा दिवसांत संपला. पण देवाच्या खर्चाला हात आखडू नये.

मागच्या पडवीत ह्यांची माळ खुंटीला दिसली. विचारलं तर म्हणाले, "खताचं काम असतं, मातीत हात जातात. माळेला घाण नको, म्हणून काढून ठेवली." खरंच, मला सुचलं नसतं. जुन्या खणाची एक लहान पिशवी शिवून दिली माळ ठेवायला. ह्यांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ बघत बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं असं मला वाटलं.

१ जुलै, मंगळवार

तिसरी तुळस गेली. वृंदावनात चार बोटं पाणी उभं. वाळूनं खाली जायची वाटच बंद केली.

धोंडूबाई फाटकाशी उभी होती. "तिसरी?" एवढंच म्हणालीन. मोठ्यानं काही बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी तिच्यासमोरच बोलून गेले. चौथी लावू. ती तुळशीच्या लग्नापर्यंत टिकली तर लग्नाचा नैवेद्य मृणाली करील, देवघरात जाईल, आणि तिच्या आईवडिलांना मी स्वतः बोलावीन. नाही टिकली तर देवाची इच्छा नाही असं समजायचं. मृणालीनं दारातून ऐकलं. "चालेल," म्हणाली. जशी बाजारात किंमत ठरते तशी. मला जरा राग आला, पण बोलणं माझंच होतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपास. खड्डा वाफाळतो. काठी घातली तर गरम निघते. मांजरंसुद्धा कुठून कुठून येतात आणि खड्ड्याभोवती बसून राहतात, शांत, डोळे मिटून. हे म्हणाले, कीर्तनाला बसल्यासारखी. एकादशीला असा विचार मनात येणं चांगलं लक्षण आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. जयगडहून येणारी खताची पिशवी तेव्हापासून जड झाली आहे. हे ती सायकलला लावून आणतात आणि घरात न आणता थेट मागून नेतात. किती काळजी घेतात! मी विचारलं, उघडून बघू का कसलं आहे? मृणाली म्हणाली, "नको आई, वास येतो." मी म्हटलं, खताला वास यायचाच.

ह्यांची तब्येत सुधारली आहे. गालांवर मांस आलं. मी रोज सकाळी तुळशीचा काढा देते त्याचा गुण.

२१ ऑगस्ट, गुरुवार

खड्ड्याच्या कडेला आपोआप तुळस उगवली आहे. एक नाही, झुबकाच. निर्माल्यातल्या मंजिऱ्या पडल्या असतील असं मृणाली म्हणाली. असेल. पण मी चौथी तुळस विकत आणायची म्हणत होते आणि देवानं फुकट दिली, याला मी काय म्हणू? विठ्ठल विठ्ठल.

तळाची माती उकरून बघितली. हीच का ती आपली माती? काळी, हलकी, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की सुटतो. गांडुळं. वास पहिल्या पावसाचा म्हणतात ना, तसाही नाही, गाभाऱ्यासारखा.

त्यात काही पांढरे बारीक काटे होते. मी विचारलं हे काय? हे लगेच म्हणाले, "हिराचे तुकडे. केरसुणी झडते ना, तिचे." झडते खरी.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

वृंदावन रिकामं केलं. जुनी माती पहारीनं फोडावी लागली. पाणी जायला खाली भोक पाडून खापऱ्या घातल्या. मग खड्ड्यातली काळी माती मी स्वतःच्या हातांनी, स्नान करून, सोवळ्यानं भरली. हे मध्येच म्हणाले, "यात नको घालूस गो. ही अंगणात घालू, अबोलीला. वृंदावनात दुसरी आणू विकत." मृणालीही म्हणाली, "आई, खरंच नको. मी पैसे देते मातीचे."

मला हसू आलं. घरात एवढं सोनं असताना विकत माती! दोघांनाही काटकसर ती कळत नाही. मी म्हटलं, देवानं ज्या मातीत रोप दिलं त्याच मातीत ते राहील. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

१० सप्टेंबर, बुधवार

गणपतीच्या गडबडीत लिहिलं नाही. तुळस हातभर झाली. पानं अशी की नख लावलं तर रस यावा.

भजनात धोंडूबाईला सांगितलं. म्हणाली, "नवस बोललीस का?" मी म्हटलं, रोजचं अभिषेकाचं तीर्थ घालते, दुसरं काही नाही. मंडळातल्या तिघी आता घरचं तीर्थ तुळशीला घालणार आहेत.

२६ ऑक्टोबर, रविवार

शब्द तो शब्द. मृणालीच्या आईला आज मीच फोन केला. मी नाव सांगितलं, तिनं ते पुन्हा विचारलंन. मग म्हणाली, "ताई, आम्ही काय आणू?" मी म्हटलं, काही आणू नका, नुसत्या हातांनी या. मागाहून वाटलं, ती काय आणील म्हणून मी घाबरले, हे तिला कळलं असणार.

मृणाली संध्याकाळी अंगण सारवत होती आणि गुणगुणत होती. या घरात तिला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल लग्न लागलं. सगळं लिहायचं आहे, नाहीतर माझी मीच पुढे दुसरं काहीतरी सांगीन.

मैना आणि रघू बसनं आले. ती नवं जरीचं लुगडं नेसली होती, केसांत अबोली. पुढच्या दारानं आली. उंबऱ्याशी थांबून मुलीकडे बघितलंन, मग पाऊल टाकलंन. मृणालीनं पुरणपोळीचा नैवेद्य केला होता, देवघरात जाऊन दाखवला. मला काही खुपलं नाही. खुपेल असं वाटलं होतं.

मुहूर्ताला हर्षद आणि ह्यांनी अंतरपाट धरला. धोंडूबाई वृंदावनात ऊस रोवत होती. माती इतकी मऊ की ऊस सरळ खाली गेला आणि बाजूनं माती वर आली. तिच्यात एक पांढरा मणी. गोल, मध्ये भोक. मी म्हटलं, कोणाच्या तरी माळेचा मणी आहे, जमिनीत जुन्या काळापासून असेल, इथे पूर्वी कोणी साधू बसला असेल. उचलून कपाळाला लावला. धोंडूबाईनंही लावलान.

मग मैनाकडे दिला. तिनं तो बोटांत फिरवलान. आयुष्य ज्यात गेलं तिथे माणसाचं तोंड थांबत नाही. म्हणाली, "सुरमय! चांगली पाचेक किलोची असणार. मधला मणका आहे हा."

आणि दुसऱ्या क्षणी तोंडावर हात ठेवलान.

सगळ्यांची तोंडं मृणालीकडे वळली. धोंडूबाई म्हणाली, "तुळशीत? अगो बाय, तुळशीत?"

मृणाली पांढरी पडली, पण मान खाली घातली नाही. "मी पुरत होते. परसातल्या खड्ड्यात. वृंदावनात नाही घातलं, आई, मी नको म्हटलं होतं."

म्हटलं होतं. माती मीच भरली होती, सोवळ्यानं. पण हे मला तेव्हा आठवलं नाही. तेव्हा मी म्हटलं ते असं: "शेवटी रक्त जातं कुठे?" तिच्या आईसमोर.

हे अंतरपाट धरून उभे होते. म्हणाले, "मुहूर्त टळतोय." मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. लग्न लागलं.

मैना आणि रघू जेवले नाहीत. रघूनं हात जोडलेन, "ताई, पोरीला काय बोलू नका, तिला आम्हीच खायला शिकवलं," म्हणालान. शेवटच्या बसला गेले. मृणाली त्यांच्याबरोबर. हर्षद तिच्याबरोबर. पुरणपोळ्या आज गायीला घातल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार

भजनाला गेले नाही. हे सकाळपासून आत-बाहेर करत होते. जेवायला बसले आणि भात कालवून तसेच राहिले. मग म्हणाले, "ती एकटी खात नव्हती."

मला आधी कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. धूप, खुंटी, खताची पिशवी, गाल. इतकी वर्षं घर चालवलं, कोणाच्या ताटात किती पडतं ते मला न बघता कळतं, असं मी समजत होते.

"केव्हापासून?"

"ती चोरून खात होती पडवीत, सुकट, एकटी. डोळ्यांत पाणी. मी गेलो तर घाबरली. मी म्हटलं, बस हो, खा. तिनं विचारलंन, अण्णा, घेता थोडं? मला नाही म्हणवलं नाही."

"मग त्या दिवशी तोंड का नाही उघडलंत?"

"हातात अंतरपाट होता," म्हणाले.

मी उठून आत गेले. ह्यांच्याशी बोलत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अजून बोलत नाही. हे माझ्या समोर येतात, उभे राहतात, जातात.

तुळस सुकेल म्हणून रोज उठल्यावर आधी तिच्याकडे बघते. सुकत नाही. उलट नवे फुटवे. जे झालं ते तुळशीला बाधलं नाही. मग बाधलं कोणाला? देव असं का करतो कळत नाही. शिक्षा करायची होती तर सरळ करायची.

१९ नोव्हेंबर, बुधवार

धोंडूबाई आली. म्हणाली, वृंदावन धुऊन घे, तुळस उपटून खाडीत सोड, नवी लाव, मंडळात बोलतात. मी म्हटलं, बघते. निघताना फाटकाशी थांबली, आवाज खाली आणून म्हणाली, "त्या खड्ड्यातली माती टाकणारच असशील ना, तर घमेलंभर ठेव हो मला. तुळशीला नको. मोगऱ्याला."

मी दिलं नाही.

पण रात्रभर त्यावर विचार केला. मोगऱ्याला चालतं. मग ते मातीत गेलं की माती होतं, हे धोंडूबाईलाही मान्य आहे. निर्माल्य त्यातच, शेण त्यातच, तेही त्यातच. खड्ड्यानं काही वेगळं ठेवलं नाही. वेगळं ठेवायचं काम मी करत होते.

२३ नोव्हेंबर, रविवार

हर्षद आला नाही. फोनवर ह्यांच्याशी बोलला. मृणाली ह्यांच्याशी बोलते, माझ्याशी "हं" आणि "बरं" एवढंच. जयगडची खोली ताब्यात मिळाली आहे. पुढच्या महिन्यात सामान न्यायला येणार.

अंगणात अजून नुसती वीट आहे. खड्ड्यातल्या मातीनं वृंदावन भरलं, अंगण राहिलंच. मी एकटीनं खड्डा भरला, पाला, तूस, शेण, भाजीचे देठ. गरम होत नाही. मांजरं येऊन बघून जातात.

आज बाजारातून आणलं: लहान शेगडी, ४५०. दोन टोपं आणि एक पळी, ५२०. सुरी, ६०. पावती नाही. हे बघत होते. विचारायचं धाडस झालं नाही. मीही सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मृणालीला पत्र लिहिलं. फोन केला नाही, ह्यांच्या फोनचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. इथे नक्कल ठेवते.

चि. सौ. मृणाली हिस अनेक आशीर्वाद.

पत्र का लिहिलं असं तुला वाटेल. मॅट्रिकपर्यंत माझं निबंधाचं वळण चांगलं होतं, बोलण्याचं कधीच नव्हतं. त्या दिवशी तुझ्या आईसमोर जे बोलले ते तुला पुन्हा वाचायला लावत नाही. ते शब्द मी तुझ्या आईला समक्ष भेटून मागे घेणार आहे. पत्रातून घेतले तर सोपं होईल.

तुळस छान आहे. उपटायला सांगणारे पुष्कळ आले, मी उपटली नाही. तिला त्या मातीत मी लावली, तू नाही, हे धोंडूबाईला फाटकात उभी राहून सांगितलं. बाकी अंगण जसं होतं तसं आहे. खड्डा मी चालवते पण त्याला ऊब येत नाही. तू त्यात जे घालायचीस ते किती घालायचीस, किती खोल, वरून तूस की पाला, ते सविस्तर लिही. त्याचं नाव लिहायची गरज नाही.

अण्णांशी मी अजून बोलत नाही. ते मासळी खातात म्हणून नाही. तू एकटी उभी होतीस आणि ते मुहूर्त बघत होते म्हणून. त्यांनी तुझ्याशी फोनवर काही म्हटलं असेल तर मला सांगू नकोस, त्यांना माझ्याकडे येऊन म्हणू दे.

मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि दोन टोपं ठेवली आहेत. ती आतल्या भांड्यांत मिसळायची नाहीत, एवढं मात्र पाळायचं. मला आत वास आला तर मी सांगीन, रागावणार नाही, फक्त सांगीन. धूप जाळू नका, महाग पडतो.

जयगडला राहायचं तर राहा. तुझी खोली आहे, मी अडवणार नाही. पण सामान न्यायला येशील तेव्हा आईवडिलांना घेऊन ये. या घरातून ते उपाशी गेले, मला तेव्हापासून घास गोड लागत नाही. कोणत्या वारी त्यांची होडी किनाऱ्याला असते ते विचारून ठेव, मी वार बघणार नाही, तिथीही बघणार नाही.

आणि तुझ्या आईला जेवायला काय आवडतं हे मी कधी विचारलंच नाही. शाकाहारातलं काय आवडतं, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
आई